उरलेला भाग पुढच्या गुरुवारी

दार सरकलं. धुरातून कप्तान बाई आत गेली
आणि समोर तीच उभी,
तीस वर्षांनी म्हातारी.
तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, उरलेला भाग पुढच्या गुरुवारी.

दौलतगंजातल्या आमच्या पुढच्या खोलीत नऊ माणसं,
जानेवारी, पाय रजईत,
एकदम "अरे!" म्हणाली.
गजकेचा डबा लवंडला.
सतरंजीत गेलेले तीळ होळीपर्यंत निघत होते.

मग सात दिवस.
मुकुंद पोतनीस, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष,
साखरेच्या पुडीच्या कागदावर काळाचं वेटोळं काढून
ज्याला त्याला दाखवत फिरला:
हे इथून निघाले, हे इथे पोचले,
म्हणजे मुळात निघालेच नाहीत.
वेणूमावशी म्हणाल्या, जुळी बहीण आहे ती,
लहानपणी हरवलेली. बघालच तुम्ही.
समोरच्या कुशवाहांची अम्मा म्हणाली,
चुडैल है. पैर दिखाए क्या अब तक?
आई म्हणाली, मला तिचा आवाज आवडला.

मी अकरा वर्षांची.
त्या आठवड्यात मोरीचं दार ढकलण्याआधी
मी दोनदा खोकायची.
आत मीच असले तर?

लघाटेकाका काहीच बोलले नाहीत.
सव्वीस वर्षं मिलमध्ये, विणकाम खात्यात.
पूर्वी गुरुवारी त्यांची दुसरी पाळी असे.
त्या हिवाळ्यात मात्र ते सगळ्यांच्या आधी येत,
चपला भिंतीशी सरळ लावत,
आणि बातम्यासुद्धा पूर्ण बघत.

दुसरा भाग सुरू झाला.
म्हातारी कप्तान तरुण कप्तानला म्हणाली,
"आता ऐक, हे सगळं का झालं ते,"
आणि बत्ती गेली.

काय तो गोंधळ!
कुशवाहाचा टेम्पो खाली उभा होता.
त्याची बॅटरी दोघांनी जिन्यावरून उचलून आणली,
मुळ्यांकडचा छोटा टीव्ही आला,
तारा जोडताना मुकुंदला चटका बसला, कोणी विचारलंही नाही.
चार मिनिटं गेली असतील.
चित्र आलं तेव्हा जहाज घरी निघालं होतं,
म्हातारी मागे राहिली होती, काचेतून बघत,
आणि का, ते आमच्यापैकी कोणालाच
आजतागायत माहीत नाही.

मुकुंद चिडला, सगळं गणित त्या चार मिनिटांत होतं.
वेणूमावशी म्हणाल्या, बहीण असल्याचं
तेव्हाच निघालं असणार.
अम्मानं कबूल केलं, पाय सरळ होते.
पण बूट घातल्यावर काय कळतं?
आई रडली होती. सर्दी झालीय म्हणाली.

मग लघाटेकाका पुढे सरकले,
काचेवर नावांची रांग वर चढत होती,
तिच्यामागे अजून ती दोघी, गोठलेल्या.
बाहीला हात लावावा तसं त्यांनी बोट नेलं.
"ट्विल आहे. दोघींचं कापड एकाच ताग्यातलं."
थांबले.
"तीस वर्षं म्हणाली ना?
रोज तीच कळ ओढली, त्याच मेजावर टेकून बसली,
आणि कोपर विरलं नाही?"

मुकुंद हसला. मग त्यानं आपली पुडी उलटी करून
वेटोळ्याकडे पाहिलं, आणि घडी घातली.
कुशवाहा बॅटरी काढायला लागला,
उद्या सकाळी त्याला मुरार गाठायचं होतं.

काकांनी मफलर गुंडाळला.
चपला अंधारातही एका झटक्यात सापडल्या त्यांना.
पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले,
"आता पुढच्या गुरुवारी काय असतं?"
माहीत नाही, मी म्हटलं.

त्यांच्या कोटाच्या उजव्या कोपराला रफू होतं,
स्वतःच केलेलं,
उभा धागा, आडवा धागा, इतकं बारीक
की दिवसाउजेडी कोणाला दिसलं नसतं.
बत्ती अजून आली नव्हती.
मी कंदील धरून त्यांच्या मागे दोन पायऱ्या उतरले होते,
म्हणून दिसलं.